चरबी मोजायची, पण कशासाठी?

2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं छायाचित्र छापून आलं. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा निर्देशांक, सारखाच होता : 22.3. क्ष-किरणांवर चालणाऱ्या डेक्सा यंत्राने मात्र युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी दाखवली आणि याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ या नावाने हे उदाहरण मधुमेहाच्या अभ्यासात गाजलं. वजन आणि उंची कळली म्हणून शरीर आतून कसं आहे ते कळत नाही, हे त्याने एका पानात पटवून दिलं.

हाच प्रश्न ॲनोरेक्सिया (स्वतःला उपाशी ठेवणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन ते उलट्या-जुलाबांनी बाहेर काढणं) आणि बिंज ईटिंग (ताबा सुटून भरमसाट खाणं) या आहारविकारांच्या उपचारात जास्त नाजूक होऊन समोर येतो. उपाशी राहून खंगलेल्या मुलीच्या शरीरात चरबी, स्नायू, हाड आणि पाणी यांचं काय झालं आहे, हे डॉक्टरला कळलं तर उपयोगच आहे. पण त्या मुलीचा आजारच शरीराच्या मापांना चिकटलेला असतो. डॉक्टरच्या कामाचा आकडा तिच्या हाती पडला, की तो आजाराच्या कामाला लागतो. म्हणून इथे दोन गोष्टी एकत्र तपासाव्या लागतात : मोजमाप किती खरं आहे, आणि ते केल्याने रुग्णाचं भलं होतं का. या लेखात धोक्याच्या पातळ्यांचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत. तो या आजाराशी झुंजणाऱ्या कुणाच्याही वाचनात येऊ शकतो, आणि तुलनेसाठी आणखी एक आकडा देऊन त्यांचं ओझं वाढवायचं नाही.

निर्देशांक आला कुठून

वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची कल्पना बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केटले यांची, 1832 च्या सुमाराची. त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधायचं होतं; कुणाच्या आजाराचं निदान करायचं नव्हतं. या सूत्राला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव मिळालं 1972 मध्ये, अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या शोधनिबंधातून.

उपासमारीचा आजवरचा सर्वांत तपशीलवार अभ्यासही याच कीज यांच्या नावावर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना त्यांच्या संमतीने 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं गेलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण होते. त्यांचं वजन सुमारे पाव भागाने घटलं. ते अन्नाच्या विचाराने पछाडले, चिडचिडे झाले, माणसांपासून तुटले. आपल्या विषयाच्या दृष्टीने दोन निरीक्षणं मोलाची आहेत. एक म्हणजे अंगावर सूज आली, त्यामुळे शरीरातली खरी झीज काट्यावर दिसत होती त्याहून जास्त होती. दुसरं म्हणजे पुन्हा पोटभर खायला मिळाल्यावर चरबी स्नायूंपेक्षा लवकर भरून आली. पुढे 1997 मध्ये अब्दुल डुलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या 12 जणांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. स्नायू पूर्ववत होईपर्यंत शरीर भूक चढीच ठेवतं आणि तेवढ्या काळात चरबी पूर्वीच्याही वर जाते, असं त्यातून पुढे आलं. ॲनोरेक्सियातून सावरताना ‘सगळं वजन पोटावरच चढतंय’ असं म्हणणाऱ्या मुलीला हे सांगणं फार महत्त्वाचं आहे. तिच्या शरीराचा तोल गेलेला नाही. उपासमारीतून बाहेर पडणारं कुठलंही शरीर असंच वागतं.

मोजण्याच्या रीती

जिवंत माणसाची चरबी थेट मोजता येत नाही. प्रत्येक पद्धत दुसरंच काहीतरी मोजते आणि त्यावरून चरबीचा हिशेब काढते. हा विषय समजून घ्यायचा तर एवढं पक्कं ध्यानात ठेवावं लागतं.

सुरुवात पाण्याखालच्या वजनापासून झाली. अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेनके यांनी 1942 मध्ये शरीराची घनता मोजून दाखवलं, की लष्कराच्या तक्त्यानुसार ‘जाड’ ठरलेले बरेच फुटबॉलपटू प्रत्यक्षात स्नायूंनी भरलेले होते. चरबी पाण्यापेक्षा हलकी आणि बाकीचं शरीर जड, हे त्यामागचं तत्त्व. विल्यम सिरी यांच्या सूत्राने घनतेवरून चरबीची टक्केवारी काढता येऊ लागली. पण या पद्धतीत माणसाला फुप्फुसांतली हवा सोडून पाण्यात पूर्ण बुडून स्थिर राहावं लागतं. अशक्त, थंडीने गारठणाऱ्या रुग्णाकडून हे करून घेणं अमानुष आहे. 1990 च्या दशकात आलेल्या ‘बॉड पॉड’ यंत्राने पाण्याऐवजी हवा वापरली. बुडण्याची गरज संपली, तरी अगदी तोकड्या, अंगाला चिकटलेल्या कपड्यांत बंद कक्षात बसावं लागतंच.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे कॅलिपर. दंडाच्या पुढे आणि मागे, खांद्याच्या फऱ्याखाली आणि कमरेच्या हाडाच्या वर त्वचेची घडी धरून तिची जाडी मोजायची. डर्निन आणि वॉमर्सली यांनी 1974 मध्ये 481 स्त्री-पुरुषांच्या मोजमापांवरून सूत्रं दिली आणि ती जगभर रूढ झाली. हात बसलेला असेल तर कॅलिपर बऱ्यापैकी काम देतो. पण तो त्वचेखालची चरबी मोजतो; पोटातल्या अवयवांभोवतीची चरबी त्याच्या पकडीत येत नाही. वजन खूप जास्त असलेल्या माणसाच्या घडीवर तो नीट बसतही नाही.

जिममध्ये आणि आता घरोघरी पोचलेली पद्धत म्हणजे बायोइम्पीडन्स, बीआयए. शरीरातून अगदी सौम्य विद्युतप्रवाह सोडतात. पाण्यातून तो सहज जातो, चरबीतून जात नाही. त्याला किती अडथळा झाला यावरून शरीरातलं पाणी, पाण्यावरून चरबीविरहित भाग आणि उरलेली ती चरबी, अशी ही उतरंड. शेवटी पडद्यावर येणाऱ्या टक्केवारीत वय, लिंग, उंची आणि वजन यांचाही वाटा असतो, कारण ते सगळं सूत्रात घातलेलं असतं.

डेक्सा स्कॅन दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरून हाड, चरबी आणि उरलेला मऊ भाग वेगळा काढतो. किरणांची मात्रा फार कमी असते, माणसाला फक्त काही मिनिटं पडून राहावं लागतं, आणि हात, पाय, धड अशा भागांचा वेगवेगळा हिशेब मिळतो. म्हणून आहारविकारांच्या संशोधनात तो सर्वाधिक वापरला जातो. चरबी नेमकी कुठे आहे हे पाहायचं असेल तर एमआरआय, आणि शरीरातलं पाणी मोजायचं असेल तर ड्युटेरियमचं जड पाणी पाजून लाळेत किंवा लघवीत त्याचं प्रमाण तपासणं, अशाही वाटा आहेत. सर्वांत भरवशाचा हिशेब घनता, पाणी आणि हाडांतली खनिजं स्वतंत्रपणे मोजून ती एकत्र मांडल्यावर मिळतो. तो प्रयोगशाळेतच शक्य आहे. रोजच्या दवाखान्याला परवडणारा नाही.

पाण्याची गोम

यातल्या बहुतेक पद्धती एका गृहीतकावर उभ्या आहेत : चरबी वगळता उरलेल्या शरीरात सुमारे 73 टक्के पाणी असतं. 1945 मध्ये पेस आणि रॅथबन यांनी गिनीपिगांच्या अभ्यासावरून हा स्थिरांक मांडला, आणि निरोगी प्रौढ माणसात तो बराचसा खरा ठरतो. आहारविकारात नेमका तोच डळमळतो.

दीर्घ उपासमारीत पेशी आक्रसतात आणि त्यांच्या बाहेरच्या पाण्याचं प्रमाण वाढतं. खाणं पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या दिवसांत पाय आणि चेहरा सुजू शकतो. अशा वेळी बीआयए यंत्राला प्रवाह सहज वाहताना दिसतो आणि ते स्नायू जास्त, चरबी कमी दाखवतं. उलट्या किंवा जुलाबाच्या गोळ्यांमुळे शरीरातलं पाणी आटलेलं असेल, तर उलटा घोटाळा होतो : प्रवाहाला अडथळा वाढतो आणि यंत्र खरी असेल त्याहून जास्त चरबी दाखवतं. बुलिमियाने आजारी असलेली मुलगी निर्जलीकरणाच्या दिवशी घरच्या बीआयए काट्यावर उभी राहिली, तर काटा तिला चरबी वाढल्याचं सांगेल आणि ती आणखी घाबरेल. वास्तविक त्या क्षणी तिचं पोटॅशियम घसरलेलं असू शकतं आणि धोका हृदयाला असतो.

त्यात ही सूत्रं निरोगी लोकांच्या मोजमापांवर बेतलेली. फार कमी वजनाच्या शरीराला ती लावणं म्हणजे त्यांच्या कक्षेबाहेर जाणं. डेक्साही यातून सुटत नाही. मऊ भागातलं पाणी वाढलं तर तो त्याला स्नायूंत जमा धरतो. म्हणूनच काही संशोधक टक्केवारी बाजूला ठेवून बीआयएचं कच्चं माप, ‘फेज अँगल’, पाहतात. पेशींच्या आवरणाची अवस्था आणि पाण्याची वाटणी यांचा अंदाज त्यातून येतो. ॲनोरेक्सियात तो कमी असतो आणि प्रकृती सुधारली की वाढतो. सूत्रांचा आडपडदा नसल्यामुळे टक्केवारीपेक्षा तो प्रामाणिक आहे.

चरबी किती यापेक्षा कुठे

न्यूयॉर्कमध्ये लॉरेल मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲनोरेक्सिया झालेल्या प्रौढ स्त्रियांचा वजन भरून आल्यावर अभ्यास केला. 2005 मध्ये त्यांनी दाखवलं, की भरून आलेली चरबी निरोगी स्त्रियांच्या तुलनेत धडाभोवती जास्त जमते. रुग्णांची तक्रार खरी होती, भ्रम नव्हता. पण त्याच गटाच्या पुढच्या कामात दिसलं, की वजन वर्षभर टिकवलं तर ही वाटणी निरोगी शरीरासारखी होत जाते. चरबी मोजण्याने रुग्णाच्या हातात काही चांगलं पडलं असेल, तर ते हे ज्ञान. ‘थांब, हे तात्पुरतं आहे’ असं सांगताना डॉक्टरच्या पाठीशी आता मोजमाप उभं आहे.

दुसरा शोध चक्रावून टाकणारा आहे. बोस्टनमध्ये मिरियम ब्रेडेला, ॲन क्लिबान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं, की ॲनोरेक्सियात अंगावरची चरबी आटलेली असताना हाडांच्या मगजातली चरबी मात्र वाढलेली असते, आणि ती जितकी जास्त तितकी हाडांची घनता कमी. मगजातली ही चरबी कुठल्याही काट्यावर किंवा कॅलिपरवर दिसत नाही. उपाशी शरीर हाड बांधणाऱ्या पेशींच्या वाटेवरून चरबीच्या पेशींकडे वळतं, असं यामागचं स्पष्टीकरण आहे. विशीतल्या मुलीची हाडं ठिसूळ होण्याचं हे एक कारण.

पाळी, लेप्टिन आणि एक मोडलेली लक्ष्मणरेषा

1974 मध्ये हार्वर्डच्या रोझ फ्रिश आणि जेनेट मॅकआर्थर यांनी मांडलं, की पाळी सुरू व्हायला आणि टिकायला शरीरात ठरावीक टक्के चरबी लागते. कल्पना जोरकस होती आणि दवाखान्यांत तिचा नियम झाला. पण टीकाकारांनी दाखवून दिलं, की त्या अभ्यासात चरबी प्रत्यक्ष मोजलेलीच नव्हती. ती उंची आणि वजनावरून हिशेबाने काढली होती. शिवाय त्या रेषेखाली पाळी येणाऱ्या आणि रेषेवर असूनही न येणाऱ्या बायका भरपूर होत्या.

तरी फ्रिश यांच्या कल्पनेचा गाभा वाया गेला नाही. 1994 मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून येणारं संप्रेरक शोधलं. शरीरात साठा किती आहे, याची खबर ते मेंदूला देतं. ॲनोरेक्सियात ते फार खाली जातं आणि मेंदू प्रजननाची यंत्रणा बंद करतो. 2004 मध्ये बोस्टनमधल्या एका छोट्या प्रयोगात, कमी वजन किंवा अतिव्यायाम यामुळे पाळी थांबलेल्या स्त्रियांना लेप्टिन दिल्यावर काहींची पाळी परतली. चरबी आणि पाळीचा संबंध खरा आहे, मात्र त्याची एकच रेषा सगळ्यांना लागू नाही. ताण, व्यायाम आणि रोजच्या खाण्यातली तूट यांचाही त्यात वाटा असतो. 2013 च्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेने ॲनोरेक्सियाच्या निदानातून पाळी थांबण्याची अट काढून टाकली, ती योग्यच.

त्याच पुस्तिकेने ‘अटिपिकल ॲनोरेक्सिया’ला जागा दिली : वजन मुळात जास्त होतं, खूप घटलं, पण अजून ‘सामान्य’ दिसतं. या रुग्णांची नाडी मंद होऊ शकते, रक्तदाब कोसळू शकतो, क्षार बिघडू शकतात. त्यांची चरबी मोजली तर ‘पुरेशी’ निघेल, आणि तेवढ्यावर त्यांना घरी पाठवलं तर जिवाशी खेळ होईल.

बरं होण्याचा अंदाज

मेयर यांच्याच गटाने 2007 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. उपचारांनी वजन भरून आलेल्या ॲनोरेक्सियाच्या स्त्रियांमध्ये ज्यांच्या शरीरात चरबीचं प्रमाण कमी राहिलं होतं, त्यांची पुढची वाटचाल जास्त खडतर ठरली. अभ्यास छोटा आहे. पण त्याचा बोध मला मोलाचा वाटतो : काट्यावरचं ठरलेलं वजन गाठलं म्हणजे उपचार संपला असं मानू नये. चरबी हा शरीराचा अवयव आहे. बरं व्हायला ती पुरेशी असावी लागते. रुग्णालयातून घरी सोडण्याचा निर्णय घेताना हे माहीत असलेलं बरं.

मोजण्याची किंमत

आहारविकार असलेल्या अनेक जणी दिवसातून कितीदा तरी पोटाची घडी चिमटीत धरून पाहतात, मनगटाभोवती बोटं गुंडाळतात, काट्यावर चढतात. उपचारात ही सवय सोडवायची असते. अशा वेळी डॉक्टरनेच कॅलिपर घेऊन तीच घडी धरली, तर आजाराच्या सवयीवर वैद्यकीय मोहोर उमटते. मोजमापाच्या अचूकतेवर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. त्या मानाने या इजेकडे फार कमी लक्ष गेलं आहे.

वजन रुग्णाला दाखवावं की नाही, यावर जाणकारांत खरा मतभेद आहे. काही ठिकाणी रुग्णाला काट्यावर पाठमोरं उभं करतात. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांच्या सीबीटी-ई या मानसोपचार पद्धतीत आठवड्यातून एकदाच, थेरपिस्टसोबत वजन पाहतात आणि एका आकड्यावरून निष्कर्ष न काढता काही आठवड्यांचा कल वाचायला शिकवतात. आकड्याची भीती त्याला सामोरं जाऊनच ओसरते, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. पण तो चरबीच्या टक्केवारीला लागू होत नाही. वजन आयुष्यभर कुठे ना कुठे समोर येणारच आहे, त्याच्याशी जुळवून घ्यावं लागतं. चरबीच्या टक्क्यांशी मैत्री करायची गरज बरं झालेल्या कुणालाही पडत नाही.

खेळाच्या क्षेत्राला हे उशिरा उमगलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये, खेळाडूच्या खाण्यातल्या ऊर्जेची तूट शरीराचं किती नुकसान करते, यावर निवेदन काढलं. 2023 मध्ये तिच्या तज्ज्ञांनी शिफारस केली, की वैद्यकीय कारण असल्याशिवाय 18 वर्षांखालच्या खेळाडूंच्या शरीरातली चरबी मोजूच नये. आपल्या शाळांतल्या, अकादमींतल्या प्रशिक्षकांनी हे वाक्य भिंतीवर लावावं.

आपल्याकडे

भारतात या विकारांवरचं संशोधन तुटपुंजं आहे. 1995 मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच तरुण मुलींचे आजार नोंदवले. त्या खायला नकार देत होत्या, उलट्या होत होत्या, वजन घटलं होतं, पाळी थांबली होती. मात्र पाश्चात्त्य पुस्तकांत वर्णन केलेली शरीराच्या प्रतिमेची विकृती त्यांच्यात दिसत नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली यांनीही जाड होण्याची भीती न सांगणारे रुग्ण पाहिले होते. आपल्याकडे अशी मुलगी आधी पोटाच्या डॉक्टरकडे, मग स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते, आणि आजाराचं नाव उशिरा कळतं.

त्यात आपल्या शरीरांची ठेवणही वेगळी. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात नवजात बाळंसुद्धा इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा हलकी, पण त्या मानाने चरबी राखलेली आढळली. उणीव होती ती स्नायूंची. म्हणजे युरोपीय मोजमापांवरची सूत्रं भारतीय रुग्णाला लावली, तर उत्तर आणखी डगमगतं. चरबी ‘बरी’ दिसत असताना स्नायू रिते झालेले असू शकतात. आपल्या दवाखान्यांत म्हणूनच स्नायूंकडे जास्त लक्ष हवं.

त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘रॉयल कॉलेज’ या संस्थेने 2022 मध्ये काढलेल्या ‘मीड’ मार्गदर्शिकेत रुग्णाला पडलेल्या अवस्थेतून हात न टेकता उठून बसायला आणि उकिडवं बसून उभं राहायला सांगायची सोपी चाचणी आहे. तिच्यासोबत नाडी, उभं राहिल्यावर पडणारा रक्तदाब, शरीराचं तापमान, ईसीजी, पोटॅशियम, फॉस्फेट, रक्तातली साखर आणि वजन घटण्याचा वेग. धोका ओळखण्याच्या या यादीत चरबीची टक्केवारी नाही.

निष्कर्ष

संशोधनात चरबी जरूर मोजावी, डेक्सा किंवा त्याहून चांगल्या पद्धतीने, पाण्याचा हिशेब स्वतंत्र धरून. भरून आलेल्या चरबीची वाटणी, मगजातली चरबी, लेप्टिनचा मार्ग हे सगळं मोजमापामुळेच कळलं. उपचारात मात्र एकच कसोटी असावी : या आकड्याने उपचाराचा निर्णय बदलणार आहे का? पाळी कित्येक महिने थांबली असेल तर हाडांसाठी डेक्सा करावा. त्यातून चरबीचा आकडा निघालाच तर तो डॉक्टरच्या कागदात राहू द्यावा. बीआयएची टक्केवारी आणि कॅलिपर या रुग्णांच्या बाबतीत दूर ठेवावेत.

घरच्यांना एक विनंती. मुलगी किंवा मुलगा जेवण टाळत असेल, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जात असेल, सतत स्वतःला मोजत असेल, तर चरबी दाखवणारा काटा घरातून काढून टाका, जिमचे छापील अहवाल आणणं थांबवा आणि डॉक्टरकडे जा. दिसायला वजन ठीक वाटतं म्हणून थांबू नका. काय करावं सुचत नसेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.